एकट्याची कविता, वर्गाची चाल

कवितेला चाल लावण्याच्या कामाचा विचार मराठीत बहुधा संगीतकाराच्या किंवा गायकाच्या बाजूने झालेला आहे. राग कोणता घेतला, ताल कोणता योजला, शब्दांतला भाव सुरांनी कसा उलगडला, हे प्रश्न त्या विचारात पुढे असतात; गाणारा गळा तयार आहे आणि ऐकणारा निवांत बसलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. प्राथमिक शाळेच्या वर्गात ही दोन्ही गृहीतके लागू पडत नाहीत, कारण तेथे गाणारा आणि ऐकणारा वेगळे नसतात. चाळीस मुले गातात आणि तीच चाळीस मुले आपले गाणे ऐकतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत व आश्रमशाळांत पाठ्यपुस्तकांतील कवितांना चाली बांधण्याचे काम भाषाशिक्षक वर्षानुवर्षे करत आले आहेत. प्रस्तुत लेखकाचाही त्या कामात दीर्घकाळ सहभाग राहिला असून, त्या अनुभवातून निघणारे एक विधान येथे मांडायचे आहे. छापील कविता एका माणसाच्या आवाजासाठी लिहिलेली असते आणि ती वर्गाच्या तोंडी देताना सुरांच्या निवडीपेक्षा वाटणी अधिक निर्णायक ठरते, म्हणजे कोणती ओळ कोणी म्हणायची, पुन्हा काय म्हणायचे आणि श्वास कोठे घ्यायचा, हे आधी ठरावे लागते.

‘चाल’ या शब्दाने येथे काय अभिप्रेत आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण मराठीत कविता आवाजात आणण्याच्या किमान तीन परंपरा आहेत आणि शाळेत त्या तिन्हींची सरमिसळ होते. पहिली परंपरा काव्यगायनाची आहे. पुण्यात 1923 साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी ती लोकप्रिय केली. तीत कवी स्वतः, बहुधा वाद्यांच्या साथीशिवाय, वृत्ताच्या अंगभूत लयीवर कविता म्हणत असे. दुसरी नाट्यपदांची आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून साकी, दिंडी, कामदा अशा रुळलेल्या चाली आणि पुढे शास्त्रोक्त बंदिशींचे साचे समोर ठेवून त्यांत पदे रचली गेली, त्यामुळे तेथे पुष्कळदा चाल आधी आणि शब्द मागून आले. तिसरी परंपरा भावगीताची आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ग. ना. जोशी आदी गायकांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ती घरोघरी गेली, आणि 1955–56 या काळात पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे सादर झालेल्या गदिमा व सुधीर फडके यांच्या गीतरामायणातील 56 गीतांनी ती शिखराला पोहोचली. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाने जे तत्त्व पुस्तकरूपाने मांडले, ते या परंपरेचे सार होय: सूर शब्दाच्या सेवेला असावा, शब्द सुराच्या नव्हे. वर्गासाठी चाल बांधणारा शिक्षक काव्यगायनाकडून वृत्ताची लय घेतो, भावगीताकडून शब्दाचा मान घेतो आणि नाट्यपदांप्रमाणे कधी कधी तयार चाल उचलतो. मात्र या तिन्ही परंपरांत गाणारा प्रामुख्याने एकटा असतो आणि वर्गाची अडचण नेमकी तेथून सुरू होते.

समूहाने गाण्याची पद्धत मुलांना शाळेत शिकवावी लागत नाही, कारण ती त्यांच्या घरी आधीपासून असते. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, माहुलीपासून गोरखगड-सिद्धगडापर्यंत पसरलेले असून, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्तीचा मोठा भाग याच दोन तालुक्यांत राहिला आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली पाड्यांबरोबर येथे कुणबी व आगरी गावे आहेत. कुणबी गावांत वारकरी संप्रदाय रुजलेला असल्याने काकडा, हरिपाठ आणि एकादशीचे भजन मुलांच्या कानावरून लहानपणापासून गेलेले असते. आगरी लग्नात धवलारीण आणि वारली लग्नात धवलेरी विधीची गाणी गातात. ठाकरांचा कांबड नाच ढोलावर चालतो. वारल्यांच्या नाचात तारपा वाजवणारा पुढे असतो आणि त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. हे प्रकार परस्परांहून फार भिन्न असले तरी त्यांच्यात एक रचना समान आढळते. कोणीतरी एक पुढे होऊन ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात किंवा तिला ठरलेले उत्तर देतात. भजनात बुवा चरण म्हणतात आणि मंडळ ध्रुपद उचलते. ध्रुपद म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत येणारी ओळ. संगीतकार जिला मुखडा किंवा अस्थायी म्हणतात, तिचेच हे भजनातले नाव. ध्रुपद सर्वांचे असते आणि चरण पुढाऱ्याचा असतो, ही वाटणी पाच वर्षांच्या मुलालाही न सांगता कळते.

पाठ्यपुस्तकातील कवितेत अशी वाटणी सहसा केलेली नसते. बालभारतीची स्थापना 1967 साली झाल्यापासून राज्यभर एकच मराठी वाचनमाला पोहोचली आणि तिच्यातील कविता निरनिराळ्या काळांतल्या, निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेल्या असतात; काहींना ध्रुपद असते, पुष्कळांना नसते. ज्या कवितेला ध्रुपद नाही तिला ते शोधून द्यावे लागते, आणि चाल बांधण्यातला पहिला खरा निर्णय हाच असतो. पहिली ओळ पुन्हा पुन्हा घेणे सोपे असले तरी ते नेहमी योग्य नसते. एखाद्या कवितेत कवी प्रश्नाने सुरुवात करतो आणि शेवटच्या कडव्यात त्याचे उत्तर देतो. तेथे पहिली ओळ प्रत्येक कडव्यानंतर आणली, तर उत्तर मिळाल्यावरही वर्ग तोच प्रश्न विचारत राहतो आणि कवितेचा शेवट पुसला जातो. अशा वेळी ध्रुपद शेवटच्या कडव्यापूर्वी थांबवणे किंवा ओळीऐवजी केवळ तिच्यातील दोन शब्द परत आणणे, असे उपाय करावे लागतात. निसर्गवर्णनाच्या कवितेत, जेथे कडव्यांचा क्रम बदलला तरी फारसे बिघडत नाही, तेथे पहिली ओळ परत आणण्याने काहीच हानी होत नाही. म्हणून ध्रुपद निवडण्याआधी कविता पुढे सरकणारी आहे की एका जागी फिरणारी आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. सुरांचा विचार त्यानंतरचा आहे.

वाटणीचे दुसरे कारण शाळेच्या रचनेत आहे. या भागात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत, म्हणजे पहिली ते चौथीचे वर्ग दोन शिक्षक सांभाळतात आणि एका खोलीत दोन किंवा अधिक इयत्ता बसतात. चौथीची कविता शिकवताना पहिलीची मुले गप्प राहत नाहीत. तीही गाऊ लागतात, मात्र त्यांना कडवी पाठ होत नाहीत. ध्रुपद लहानांना आणि कडवी मोठ्यांना दिली की ही अडचण दूर होते. शिवाय पुढच्या वर्षी वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलांना ती कविता अर्धी येतच असते. सकाळच्या परिपाठात, म्हणजे शाळा भरल्यावर होणाऱ्या प्रार्थना-सुविचार-बातम्यांच्या कार्यक्रमात, अशा कविता म्हटल्या जातात तेव्हा मोठ्या मुलांपैकी एखादी मुलगी बुवांच्या जागी उभी राहते आणि बाकीची शाळा मंडळ होते. आश्रमशाळांत मुले निवासी असल्याने संध्याकाळच्या प्रार्थनेतही हाच क्रम चालतो.

यानंतर लयीचा विचार येतो. मराठी पद्यरचनेचे माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले आहेत आणि चाल बांधणाऱ्याला ही विभागणी रोजच्या उपयोगाची आहे. वृत्तात लघू आणि गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. लघू अक्षर म्हणजे एका मात्रेचे, गुरू म्हणजे दोन मात्रांचे, आणि मात्रा म्हणजे उच्चाराचा काळ मोजण्याचे एकक. जातीत अक्षरांचा क्रम मोकळा असतो पण ओळीतील मात्रांची बेरीज व तिचे गट ठरलेले असतात. छंदात, उदाहरणार्थ ओवीत आणि अभंगात, लघू-गुरू न पाहता केवळ अक्षरे मोजली जातात. यांपैकी प्रत्येक वर्गाचे तालाशी असलेले नाते वेगळे आहे.

जातीरचना वर्गात सर्वांत लवकर बसते. पाठ्यपुस्तकांत वारंवार येणाऱ्या पादाकुलक जातीत आठ-आठ मात्रांचे दोन गट मिळून सोळा मात्रांची ओळ होते आणि आठ मात्रांच्या केरव्यात तिची दोन आवर्तने सरळ जातात. आवर्तन म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी आणि सम म्हणजे त्या फेरीची पहिली, सर्वांत वजनदार मात्रा. नमुन्यासाठी ‘डोंगर भिजले ओढे भरले’ अशी एक ओळ रचून पाहिली, तर चार-चार मात्रांचा प्रत्येक गट नव्या शब्दाने सुरू होतो आणि ठेका देणारा हात नेमका शब्दाच्या आरंभी पडतो. मुलांना अशी ओळ शिकवावी लागत नाही. परंतु हीच सोय पुढे धोक्याची ठरते, कारण पादाकुलकातील प्रत्येक कविता मग एकाच चालीत म्हटली जाते. पावसाची, आईच्या आठवणीची आणि झाड तोडल्याच्या दुःखाची कविता त्याच टाळ्यांवर त्याच वेगाने जाते. यावर राग बदलण्यापेक्षा लय बदलणे अधिक परिणामकारक असते. टाळी चार मात्रांऐवजी आठ मात्रांनी एकदा घेतली आणि ओळीच्या शेवटी एक गट रिकामा सोडला, तर तीच मुले तीच कविता सावकाश आणि समजून म्हणू लागतात, कारण रिकाम्या गटात त्यांना शब्द पुन्हा मनात आणायला अवकाश मिळतो.

अक्षरगणवृत्तांत काम अधिक सूक्ष्म होते. समर्थांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत त्यात लघू-गुरू-गुरू असा पाच मात्रांचा गण चार वेळा येतो. नमुन्यासाठी ‘उभी गाय आहे तळ्याच्या कडेला’ ही रचलेली ओळ घेता येईल. यातील ‘तळ्याच्या’ या शब्दात ‘त’ नंतर जोडाक्षर असले तरी मराठी उच्चारात त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. ही ओळ सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवायची झाल्यास प्रत्येक गणाचे शेवटचे अक्षर एक मात्रा लांबवावे लागते. मग ‘गा’ तीन मात्रा रेंगाळतो, ‘य’ पुढच्या समेवर जाऊन पडतो आणि गाय हा शब्द मधोमध फुटतो. दहा मात्रांच्या झपतालात, ज्याचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे असतात, ‘उभी’ ही अक्षरे समेपूर्वीच्या तीन मात्रांत घेतली तर सम ‘गा’ वर येते आणि शब्दाला त्याचे वजन मिळते. मात्र याच हिशेबाने दुसरी सम ‘तळ्याच्या’ मधील ‘च्या’ या प्रत्ययावर पडते आणि ज्याला अर्थाचे वजन नाही त्याला तालाचे वजन मिळते. कोणत्याही तालात सर्व शब्दांना न्याय मिळत नाही. कोणत्या शब्दावर अन्याय झालेला चालेल, हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी कवितेचा अर्थ लावून झालेला असावा लागतो. दुसऱ्या बाजूला काही वृत्ते तालासाठीच घडल्यासारखी असतात. देवप्रिया वृत्तात गुरू-लघू-गुरू-गुरू असा सात मात्रांचा गट तीनदा येऊन शेवटी पाच मात्रा उरतात. ‘पावसाचा जोर सारा डोंगरांनी पेलला’ अशी नमुन्याची ओळ सात मात्रांच्या रूपकात, त्याच्या तीन-दोन-दोन या खंडांसह, अक्षर न ओढता बसते आणि शेवटी उरणाऱ्या दोन मात्रांत वर्गाला श्वास घेता येतो. मंदाक्रांतेसारखी 27 मात्रांची, आठ, सात आणि बारा अशा असमान तुकड्यांची ओळ मात्र कोणत्याच प्रचलित ठेक्यात नीट बसत नाही, म्हणून ती तालाशिवाय, यतीवर म्हणजे ठरलेल्या विरामस्थानावर थांबत म्हणणे हेच उचित असते.

छंदाच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती असते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि त्यांतील लघू-गुरूंना गाताना महत्त्व राहत नाही, कारण गाणारा प्रत्येक अक्षर हवे तसे लांबवू शकतो. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर त्यामुळे कोणताही अभंग कोणत्याही चालीत म्हणता येतो आणि भजनी मंडळे ही मुभा पुरेपूर वापरतात. शाळेत या मुभेची किंमत अर्थाच्या रूपाने द्यावी लागते. लघू अक्षर सुरासाठी ओढले की दिवस या अर्थाचा ‘दिन’ गरीब या अर्थाचा ‘दीन’ होतो आणि मुलगा या अर्थाचा ‘सुत’ चरख्यावरचे ‘सूत’ होतो. मोठ्या श्रोत्याला संदर्भाने अर्थ लागतो. शब्द पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मुलाला तो लागत नाही आणि मूल तसेच वहीत लिहिते. म्हणून अभंगाची चाल बांधताना लांबवायची अक्षरे आधीच दीर्घ असलेल्यांतून निवडणे, हा या कामातील एक साधा पण काटेकोर नियम होऊन बसतो.

श्वासाचा प्रश्न लयीच्या प्रश्नाला लागून येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या आवाजात सलग चार-पाच सेकंदांहून अधिक गाणे जड जाते आणि श्वास संपला की ते मूल शब्दाच्या मध्यावर थांबते. एकट्या गायकाचा श्वास तुटला तर ओळ तुटते, पण समूहात प्रत्येक मूल वेगळ्या ठिकाणी थांबते आणि ओळीचा गोंगाट होतो. पट्टीचा तारपावादक नाकाने हवा आत घेत घेत तोंडाने फुंकत राहतो आणि सूर खंडू देत नाही. वर्गाला ते कौशल्य नसले तरी त्याचा परिणाम वाटणीने साधता येतो. एका बाजूची मुले चरणाचा पूर्वार्ध म्हणतात, दुसऱ्या बाजूची उत्तरार्ध म्हणतात, आणि एक बाजू गात असताना दुसरी श्वास घेते. जुन्या कवितांतील यतिस्थाने अशा विभागणीला आयती उपयोगी पडतात.

सुरांची निवड या सगळ्यानंतर येते आणि वर्गात तिला मर्यादा फार असतात. मुलांचा आवाज मध्य सप्तकात, म्हणजे पेटीच्या मधल्या पट्टीत, षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत सुखाने फिरतो; पुरुष शिक्षक काळी एकच्या पट्टीत सांगू लागला की मुले तीच चाल एका सप्तकाने वर घेतात, त्यामुळे चाल मंद्र पंचमापर्यंत उतरली तर त्यांचा आवाज हवेसारखा विरतो आणि तार गंधारापर्यंत चढली तर किंचाळतो. भूपाची पाच स्वरांची चौकट, जिच्यात मध्यम आणि निषाद नसल्याने अर्ध्या स्वराचे अंतर कोठेही येत नाही, समूहाला सर्वांत सुरक्षित असते. कोमल ऋषभ किंवा दोन्ही मध्यम असलेली चाल एखादी गाणारी मुलगी उचलते, वर्ग उचलत नाही. बहुतेक शाळांत पेटी नसते. असली तर पावसाळ्याच्या दमट हवेत तिचे सूर अडकतात आणि पखवाज-ढोलकीची कातडी सैल पडून आवाज उतरतो. जून ते सप्टेंबर या काळात पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसात नाजूक चाल ऐकूच जात नाही, म्हणून पहिल्या सत्रातील कवितांना ठसठशीत, थोड्या स्वरांची आणि टाळ किंवा खंजिरीवर चालणारी चाल द्यावी लागते. संथ कविता दिवाळीनंतर घेणे सोयीचे असले तरी तेव्हा कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असल्याने वर्गातील काही आवाज कमी झालेले असतात. ज्या मुलांचे वर्ष असे अर्धे राहते त्यांच्याजवळ पुस्तकापेक्षा पाठ झालेली कविता अधिक टिकते, ही गोष्ट चाल बांधणाऱ्याने पहिल्या सत्राची निवड करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उच्चाराचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. आगरी बोलीत आणि काही आदिवासी बोलींत ‘ळ’ च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. बोलताना शिक्षक हे उच्चार वारंवार दुरुस्त करू लागला की मूल बोलायचे थांबते. गाताना मात्र उच्चार चालीचा भाग म्हणून येतो आणि मूल तो विनातक्रार उचलते. ‘ळ’ असलेले अक्षर समेवर किंवा लांब सुरावर आले तर ते सर्वांच्या कानावर स्वच्छ पडते, आणि घाईच्या जागी आले तर हरवते. याचा अर्थ बोलीला हद्दपार करावे असा नाही. घरचा उच्चार घरच्या गाण्यात आणि पुस्तकाचा उच्चार पुस्तकाच्या कवितेत, असे दोन्ही मुलाच्या तोंडी राहू शकतात.

तयार चाली उसन्या घेण्याचा मोह या कामात सतत होतो. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे खांबलिंगेश्वराची यात्रा आणि बैलबाजार भरतो, तेव्हा ध्वनिक्षेपकावर चाललेली गाणी मुलांच्या तोंडी आठवडाभर राहतात आणि त्या चालीत कविता बसवली की ती त्याच दिवशी पाठ होते. या सोयीत एक अडचण दडलेली आहे. चालीबरोबर तिचे मूळ शब्दही येतात आणि मूल कविता म्हणताना मनात दुसरेच गाणे म्हणत असते. भजनाची चाल तुलनेने निर्धोक असते, कारण एकाच चालीत अनेक अभंग म्हटले जात असल्याने ती कोणत्याही एका शब्दरचनेशी बांधलेली नसते. आदिवासी गाण्यांच्या चालींबाबत अधिक जपावे लागते. धवलेरीच्या गाण्यांनी वारली लग्न लागते. ती चाल वर्गात ऋतूच्या कवितेला लावणे म्हणजे विधी त्याच्या जागेवरून उचलणे होय, आणि पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटात ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी ठाकरांचे जग उभे केले. कवी आणि संगीतकार दोघेही त्या समाजाबाहेरचे असताना ढोलाची लय आणि एकाला अनेकांनी दिलेला प्रतिसाद यांच्या आधारे स्वतःची रचना कशी करता येते, याचा तो चांगला धडा आहे. वर्गासाठी चाल बांधणाऱ्यानेही घडण घ्यावी आणि विधीची चाल त्या त्या घरी राहू द्यावी, हे बरे.

पोवाड्याच्या बाबतीत प्रसंगच चालीचा मार्ग दाखवतो. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे त्यांचे स्मरण केले जाते. त्या निमित्ताने शाळांत वीररसाच्या कविता म्हटल्या जातात. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि झीलकरी, म्हणजे मागे उभे राहून शेवटचा सूर धरणारे साथीदार, त्याला उचलून धरतात. कथा पुढे सरकणारी असल्याने तेथे ध्रुपदाऐवजी झील परत येते आणि कवितेचा क्रम बिघडत नाही. ध्रुपद नसलेल्या कथाकवितेसाठी ही वाटणी वर्गात उत्तम चालते: चार मुले चौक सांगतात आणि उरलेली फक्त शेवटचा स्वर धरतात.

सर्वच कवितांना चाल लावावी, असे मात्र अनुभव सांगत नाही. कवी अनिलांनी रुळवलेल्या मुक्तछंदात लय असते, पण ती बोलण्याची असते. तिच्या ओळींची लांबी अर्थाप्रमाणे बदलते आणि तालात बसवण्यासाठी ती सारखी केली की कवीने जाणूनबुजून मोडलेली ओळ पुन्हा जोडली जाते. अशा कवितेत वाटणी करता येते, सूर लावता येत नाही. एका मुलीने एक ओळ म्हणावी, दोघांनी पुढची, मग सगळ्यांनी एकच शब्द, आणि मध्ये ढोलाचा एखादा ठोका पडावा. असे केले की गाण्याशिवायही कविता समूहाची होते. येथे आरंभी केलेल्या विधानाची बाजू सर्वांत स्पष्ट दिसते. सूर पूर्णपणे काढून टाकले तरी वाटणीवर कविता उभी राहते. उलट वाटणी नसताना सुरेल चाल दिली, तर एक-दोन मुले गातात आणि बाकीचा वर्ग ओठ हलवतो.

चाल बरी जमली की नाही, हे ठरवण्याचा निकष स्नेहसंमेलनातील टाळ्या किंवा केंद्रस्तरावरील समूहगीत स्पर्धेचा निकाल हा असू शकत नाही, कारण तेथे निवडक गळे, साथीला वाद्ये आणि महिनाभराचा सराव असतो. वर्गापुरता निकष याहून साधा आणि अधिक कठोर आहे: काही आठवड्यांनी तीच कविता चालीशिवाय, बोलण्याच्या आवाजात म्हणायला सांगावी. जे मूल चाल काढून घेतल्यावर ओळी विसरते किंवा शब्द भलत्याच ठिकाणी तोडते, त्याला सूर पाठ झालेले असतात, कविता नव्हे. जे मूल बोलतानाही श्वास योग्य जागी घेते, शब्दाच्या वजनावर किंचित थांबते आणि आपला वाटा संपल्यावर दुसऱ्याच्या ओळीसाठी जागा सोडते, त्याच्यापुरती चाल आपले काम करून बाजूला झालेली असते. संगीताच्या दृष्टीने ही अपेक्षा विचित्र वाटेल, कारण संगीतकार चाल टिकावी म्हणून बांधतो. शिक्षकाने बांधलेल्या चालीचे यश मात्र तिच्यावाचून कविता म्हणता येण्यात आहे, आणि चाल बांधण्याआधी सुरापेक्षा श्वासाचा व वाट्याचा विचार करायचा तो याचसाठी.